चपळाईचा हिशेब

संगणकावरच्या खेळांचे नाव काढले की आपल्याकडच्या घरांत दोन पक्ष पडतात. एका पक्षाला तो वेळेचा, डोळ्यांचा आणि अभ्यासाचा सत्यानाश वाटतो. दुसऱ्या पक्षाला, म्हणजे घरातल्या दहा ते पंचवीस वयाच्या मंडळींना, त्यावर वाद घालायलाही सवड नसते. कारण जेवायला हाक येण्याआधी हातातली लढाई संपवायची असते. या दोहोंच्या मधे एक तिसरा, अगदी छोटा पक्ष आहे. तो हे खेळ तयार करतो. मी त्या तिसऱ्या पक्षातला. नाशिकमध्ये आम्ही चौघे मिळून असा एक खेळ रचत आहोत आणि गेले कित्येक महिने त्यातले एकच काम माझ्या वाट्याला आले आहे: शस्त्राशिवाय, केवळ हातापायांच्या बळावर आणि चपळाईवर लढणारा एक मल्ल उभा करणे.

काम ऐकायला पोरखेळ वाटते. मल्लाला जोरात पळवायचे, भराभर ठोसे मारायला लावायचे, की झाले! पण वेग नावाची वस्तू वाटते तितकी सरळ नाही. हात दुप्पट गतीने हलवला म्हणून तो दुप्पट चपळ दिसत नाही. दिसला तरी लढाईत उपयोगी पडेलच असे नाही, आणि उपयोगी पडला तर इतका पडतो की बाकीची सगळी पात्रे निकामी होतात. म्हणून चपळाई म्हणजे नेमके काय, या प्रश्नापाशी मला पुन्हा पुन्हा यावे लागले. त्याचे निम्मे उत्तर त्रैराशिकात सापडले आणि निम्मे नाशिक जिल्ह्यातल्याच एका जुन्या गोष्टीत.

योद्धा, मांत्रिक आणि भिक्षू

ज्यांनी असले खेळ कधी पाहिले नसतील त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात संगणक नव्हता. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली मित्रमंडळी एवढेच साहित्य. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे आणि त्या पात्राने एक पेशा निवडायचा. योद्धा बलदंड, पण मंत्र येत नाहीत. मांत्रिक विद्वान, पण दोन फटक्यांत आडवा. या पेशाला तिकडे ‘क्लास’ म्हणतात. गंमत सगळी उणिवेत आहे. प्रत्येकाला काहीतरी येत नाही, म्हणूनच दुसऱ्याची गरज पडते.

पुढच्याच वर्षी, १९७५ साली, या खेळाच्या एका पुरवणीत ‘मंक’, म्हणजे भिक्षू, हा पेशा आला. तो चिलखत घालत नाही, मोकळ्या हातांनी लढतो आणि वाऱ्यासारखा पळतो. तो काळच तसा होता. १९७३ साली ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ येऊन गेला होता आणि कुंगफूने जगाला वेड लावले होते. पुढे हे खेळ संगणकावर आले. १९९६च्या अखेरीस आलेल्या ‘डायब्लो’ने आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची पद्धत मोडली, कळ दाबताक्षणी तलवार फिरू लागली. याच मालिकेत २००१ साली हातापायांची विद्या जाणणारी मारेकरीण आली आणि २०१२ साली भिक्षू आला. दोघेही चपळ, दोघेही लोकप्रिय. आणि या खेळांतल्या चपळ लढवय्याची विद्या बहुतेक वेळा चीन-जपानच्या वाटेने आलेली.

यावर राग धरायचे कारण नाही. ज्याची गोष्ट जगाला ठाऊक त्याचे पात्र आधी बनते. पण हा विचार करत असताना एक गोष्ट मला जाणवली. आपल्याकडे मल्लयुद्धाचे चार प्रकार सांगितले जातात: भीमसेनी, जांबुवंती, जरासंधी आणि हनुमंती. भीमसेनी म्हणजे निव्वळ ताकद, जांबुवंती म्हणजे प्रतिस्पर्ध्याला जखडून टाकणारी पकड, जरासंधी म्हणजे सांधे मोडणारी निर्दय कुस्ती आणि हनुमंती म्हणजे कौशल्य आणि चापल्य. हे दुसरे-तिसरे काही नसून चार पेशे आहेत! गायगॅक्स साहेबांच्या कितीतरी आधी आपल्या तालमीत ते तयार होते.

त्यातला हनुमंती कोण, हे नाशिककराला वेगळे सांगावे लागत नाही. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर आहे, मारुतीचा जन्म तिथला अशी इकडची श्रद्धा. गावाजवळ टाकळीला समर्थ रामदासांनी तप केले आणि गोमयाचा मारुती स्थापला. चपळाईचे दैवत ज्या गावाच्या दोन्ही अंगांना आहे, तिथे बसून मी परदेशी भिक्षूची नक्कल का करावी?

न हलणारा प्रतिस्पर्धी

पण दैवत म्हणजे आराखडा नव्हे. मल्लाच्या हालचाली कुठून आणायच्या, हा खरा प्रश्न होता. तिथे कामी आला मल्लखांब.

मल्लांनी खांबावर मेहनत करण्याचा उल्लेख बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. मधल्या काळात ही विद्या मागे पडली, आणि तिला पुन्हा उभे करण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते. आख्यायिका अशी की निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्याला आले आणि त्यांनी दरबारात आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तेव्हा बाळंभटाने ते स्वीकारले, तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि तो सप्तशृंग गडावर देवीची उपासना करायला गेला. तिथे वानरांच्या झाडावरच्या लीला पाहून त्याला खांबावरच्या कसरती सुचल्या. परत येऊन त्याने अलीला लोळवले आणि गुलाबने काढता पाय घेतला. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. गाभा मात्र तोच राहतो: अंगाने लहान असलेल्याने ताकदीला ताकदीने उत्तर न देता चपळाईने दिले. आमच्या पेशाची जन्मकथाच ही. आणि ती नाशिकपासून जेमतेम साठ किलोमीटरवर घडलेली.

बाळंभटदादांचा हा वारसा गुरुशिष्य परंपरेने गावोगावच्या व्यायामशाळांत गेला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. मुंबईच्या शिवाजी पार्कवर फेब्रुवारी २०१९मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. नाशिकमध्ये यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थांनी खांब टिकवला. तेव्हा ही विद्या काही धूळ खात पडलेली नाही. लहान मुली दोरीवर आणि मुलगे-मुली खांबावर आजही ती रोज घोटतात. आमच्या खेळात मल्ल मुलगा असावा की मुलगी, हे म्हणूनच खेळणाऱ्याने ठरवायचे आहे. हालचाली दोघांना एकच.

मल्लखांबाकडे खेळ रचणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्याची खुबी ध्यानात येते. हा खांब सागाचा किंवा शिसवीचा, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला. वर मान, तिच्यावर बोंड, आणि सगळ्या अंगाला एरंडेल चोपडलेले. हा असा प्रतिस्पर्धी आहे की जो स्वतः काहीच करत नाही. तो हलत नाही, चुकत नाही, दमत नाही. त्यामुळे जी काही गती निर्माण व्हायची ती तुमच्या शरीरातूनच झाली पाहिजे. अढी घातली, अढीतून फिरकी, फिरकीतून सुईदोरा. एका पकडीचा शेवट हीच दुसरीची सुरुवात. खांबावर चढलेला खेळाडू मधे मधे खाली उतरून दम खात नाही.

शेजारचे एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. तरुणपणी त्यांनी खांब केलेला. त्यांना मी आमच्या मल्लाचा पहिला नमुना दाखवला. दोनदा पाहून त्यांनी एवढेच विचारले, की प्रत्येक ठोशानंतर तुम्ही याला खाली का उतरवता? त्यांच्या मनात खांब होता. पडद्यावर खांब नव्हता, पण मल्ल प्रत्येक ठोशानंतर मूळ पवित्र्यात परत येत होता, हे त्यांनी बरोबर टिपले.

एका घावाचे तीन भाग

इथे थोडे यंत्राच्या पोटात शिरू. पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे, फ्रेम. नाशिककरांना हे नवे नसावे. दादासाहेब फाळके याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकचे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन पडद्यावर आणली होती आणि १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये मारुतीला उडवले होते. आज आम्ही जे करतो ते त्याच फ्रेम मोजण्याच्या कामाचे पुढचे पाऊल. फक्त आमच्याकडे सेकंदाला ६० फ्रेम असतात.

कोणत्याही घावाचे तीन भाग पडतात. आधी तयारी, मग प्रत्यक्ष घाव आणि शेवटी सावरणे. आमच्या तलवारबाजाचे हिशेब असे: तयारीला २४ फ्रेम, घावाला ६ आणि सावरायला ३०. एकूण ६०, म्हणजे सेकंदाला एक वार. मल्लाचा ठोसा असा: तयारी ४, घाव २, सावरणे ६. एकूण १२, म्हणजे सेकंदाला पाच ठोसे. कागदावर मल्ल पाचपट चपळ झाला.

पडद्यावर मात्र तो शिवणयंत्रासारखा दिसतो. टक टक टक टक. डोळ्याला दोन-चार सेकंदांत त्या एकसुरी ठेक्याची सवय होते आणि वेग जाणवेनासाच होतो. रेल्वेच्या डब्यात बसल्यावर होते तसेच.

तेव्हा मी पाचपट वेग तसाच ठेवला, पण त्याची वाटणी बदलली. पहिले तीन ठोसे प्रत्येकी ८ फ्रेमचे आणि चौथा २४ फ्रेमचा. एकूण ४८ फ्रेममध्ये चार ठोसे. सरासरी काढून पाहा, ठोशाला १२ फ्रेमच पडतात. गणिताने काहीही बदललेले नाही. पण ज्याला ज्याला दोन्ही प्रकार दाखवले, त्याला दुसरा मल्ल स्पष्टपणे चपळ वाटला. तबल्यावरचा द्रुत तुकडा समेवर येऊन थांबतो तेव्हाच त्याची गती अंगावर येते, तसे हे आहे. खांबावरही असेच होते. फिरक्यांच्या झपाट्यानंतर खेळाडू एका आसनात क्षणभर स्थिर होतो, आणि टाळी नेमकी त्या स्थिरतेला पडते. प्रेक्षकाला वेग दिसतो तो थांबण्यात.

त्या चौथ्या ठोशाला आम्ही ‘सम’ म्हणू लागलो.

त्रैराशिक

आता ताकदीचा हिशेब. तलवारबाजाचा वार १०० गुणांचा, सेकंदाला एक. मल्लाचा ठोसा २० गुणांचा, सेकंदाला पाच. दोघांचेही सेकंदाला १००. वरवर पाहता न्याय झाला. पण समोरच्या राक्षसाने चिलखत घातले आणि ते चिलखत प्रत्येक फटक्यातले १० गुण खाऊन टाकत असेल, तर? तलवारबाजाचे सेकंदाला ९० उरतात. मल्लाच्या प्रत्येक ठोशातले १० जातात आणि हाती उरतात ५०. मल्ल अर्धा झाला.

उलट बाजू पाहा. दोघांनाही मंतरलेले कडे मिळाले, ज्यामुळे प्रत्येक फटक्यामागे आगीचे १० गुण जास्त मिळतात. तलवारबाजाचे ११० झाले. मल्लाचे मात्र ५ गुणिले ३०, म्हणजे १५०! आता मल्लापुढे तलवारबाजाला कोणी विचारत नाही. फटक्यामागे वजा होणारी प्रत्येक गोष्ट चपळ पात्राला मारते आणि फटक्यामागे अधिक होणारी प्रत्येक गोष्ट त्याला राजा करते. असल्या खेळांत चपळ पेशे कधी दीनवाणे, तर कधी बलाढ्य ठरतात, त्याचे एक मोठे कारण हे साधे त्रैराशिक आहे.

समेने हाही गुंता सोडवला. पहिल्या तीन ठोशांना १५ गुण आणि समेला ३५. बेरीज ८०, वेळ ४८ फ्रेम, म्हणजे सेकंदाचे आठ दशांश. सेकंदाचा दर पुन्हा १००. मग दोन नियम घातले. पहिला: आधीचे तीन ठोसे चिलखत सैल करतात आणि सम ते पार करून जाते. १०चे चिलखत असेल तर ५, ५, ५ आणि ३५, असे ५० गुण होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२. तलवारबाजाच्या ९०पेक्षा कमीच, आणि ते योग्य आहे. लोखंडावर तलवारवालाच सरस असावा. दुसरा नियम: मंतरलेल्या कड्याची आग फक्त समेला लागते. मग ८० अधिक १०, असे ९० गुण आठ दशांश सेकंदात, म्हणजे सेकंदाला सुमारे ११२. तलवारबाजाचे ११० आहेत. घरातल्या दोन मुलांना समान खाऊ दिल्यावर होते तशी शांतता.

मल्लाचे खरे राज्य वेगळ्याच ठिकाणी आहे. अंगावर धावून येणारी वीस चिलटासारखी भुते, एकेकाचा जीव १५ गुणांचा. तलवारबाज १०० गुणांचा वार घालून एका सेकंदात एकच भूत पाडतो. ८५ गुण हवेत जातात. मल्ल तेवढ्यात चार-पाच भुते पाडून मोकळा होतो. गर्दीतून वाट काढणे हे चपळाईचे काम, भिंत फोडणे हे नव्हे.

आणखी एक बारीक भानगड राहते ती सुट्या पैशांची. वेग १० टक्के वाढवणारे पैंजण मिळाले असे समजू. ६० फ्रेमचा वार साडेचोपन्न फ्रेमवर येतो. ८ फ्रेमचा ठोसा सव्वासात फ्रेमच्या आसपास. पण पडद्यावर पाव फ्रेम दाखवता येत नाही. पूर्ण आकडा धरावा लागतो आणि सव्वासातचे पुन्हा आठच होतात. पैंजणाचे पैसे पाण्यात. ‘डायब्लो’च्या दुसऱ्या भागात सेकंदाला २५च फ्रेम होत्या, म्हणून एक फ्रेम म्हणजे ४० हजारांश सेकंद. वेग विशिष्ट पायरीला पोचेपर्यंत वाढीचा काहीही परिणाम होत नसे, आणि जाणकार खेळाडू त्या पायऱ्यांचे तक्ते हाताशी ठेवत. आम्ही वाण्याच्या वहीची पद्धत घेतली. सुटे नसतील तर खात्यावर मांडायचे. तीन ठोशांत वाचलेले अपूर्णांक जमा होतात आणि समेच्या वेळी चुकते केले जातात. पैंजण घालणाऱ्याचा एक पैसाही बुडत नाही.

दम

आता यात धोका कुठे आहे? चपळ लढवय्याला शत्रूच्या अंगाशी जावे लागते, आणि त्याच्या अंगावर चिलखत नसते. ही त्याची उणीव ठेवलीच पाहिजे, नाहीतर पेशाला अर्थ उरत नाही. समेच्या २४ फ्रेम म्हणजे सेकंदाचे चार दशांश. तेवढा वेळ मल्ल उघडा असतो. डोळ्याने पाहून बोट हलवायला साधारण माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणून राक्षसाच्या प्रत्येक मोठ्या फटक्याची तयारी किमान अर्धा सेकंद आधी दिसली पाहिजे, असा नियम आम्ही केला. म्हणजे चौथ्या ठोशाच्या उंबरठ्यावर खेळणाऱ्यापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो: सम गाठायची, की फिरकी घेऊन निसटायचे?

सम गाठली तर मल्लाचा ‘दम’ वाढतो. हा शब्द तालमीतला, आणि पडद्यावरच्या त्या पट्टीला मला याहून चांगले नाव सुचले नाही. दम साठला की धोबीपछाड, ढाक, कलाजंग असे मोठे डाव टाकता येतात. निसटलात तर जीव वाचतो, पण साखळी तुटते आणि साठलेला थोडा दम जातो. खो-खोत पळती करणारी पोरगी हूल देऊन खांबाला वळसा घालते, तेव्हा ती याच प्रश्नाचे उत्तर देत असते. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. त्या सामन्यांत नुसत्या पळण्यापेक्षा कुठे वळायचे आणि कुठे क्षणभर रेंगाळायचे, हे किती मोलाचे असते ते दिसले.

यातून एक अनपेक्षित लाभ झाला. चपळ पात्र म्हटले की खेळणाऱ्याने कळ बडवत राहायची अशी पद्धत पडली आहे. अर्ध्या तासात मनगट दुखते, आणि ज्याची बोटे चपळ नाहीत तो बादच होतो. आमच्या मल्लाला बडवण्याने काही मिळत नाही. कळ १० फ्रेम आधी दाबली तरी संगणक ती लक्षात ठेवतो आणि योग्य क्षणी वापरतो. आम्ही एका नववीतल्या मुलाला आणि आमच्या त्या सरांना एकाच राक्षसासमोर आळीपाळीने बसवले. मुलाची बोटे सरांच्या दुप्पट वेगाने चालत होती. पण तो समेपर्यंत थांबतच नव्हता. सर मात्र प्रत्येक वेळी चौथ्या ठोशाची वाट पाहत, राक्षसाचा हात उचलला गेला की निसटत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. सरांनी राक्षस पाडला. मग मुलाने त्यांचे पाहून पाडला, आणि त्याला लागलेला वेळ सरांच्या निम्मा होता. शिकण्यासारखे काही आहे आणि शिकल्यावर तरुण बोटांना बक्षीसही आहे. याहून जास्त काय हवे?

नावाचा प्रश्न

आता सगळ्यात अवघड निर्णय. हा मल्ल जगाच्या बाजारात काय म्हणून न्यायचा?

आमच्या चौघांत यावर एकमत नव्हते. एक बाजू अशी, की भगव्या कफनीतला, मुंडन केलेला भिक्षू सगळ्या जगाला एका नजरेत कळतो. मल्ल कोणाला कळणार? खेळ विकला गेला नाही तर चौघांची दोन वर्षांची पुंजी जाईल, आणि दोघांच्या घरांचे हप्ते चालू आहेत. हा मुद्दा चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. अभिमानावर हप्ते फिटत नाहीत.

दुसऱ्या बाजूला पुण्याचे एक उदाहरण होते. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुण्यातल्या छोट्या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ केला. राजी ही आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली डोंबारी कसरतींची पोर. हातात त्रिशूळ घेते, भिंतीवरून धावते, खांबाला धरून गिरकी घेते आणि त्या गिरकीतच भोवतीच्या राक्षसांना फटकावते. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही. खेळ २०२०मध्ये बाहेर आला आणि त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. अनोळखी मातीतली म्हणून जगाने राजीकडे पाठ फिरवली नाही.

एका उदाहरणाने बाजार सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण माझे म्हणणे बाजाराबद्दल नव्हतेच. ते हिशेबाबद्दल होते. तीन ठोसे आणि सम ही रचना आम्हाला खांबावरून मिळाली. दमाची पट्टी तालमीतून आली, निसटण्याची फिरकी खो-खोच्या मैदानातून. आता वरून भिक्षूची कफनी चढवली तर आतले शरीर एका गावचे आणि कपडे दुसऱ्या गावचे होतील. पात्र लटके पडते ते असे. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधव बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलो गटात, कांस्यपदक जिंकून आले. एवढ्याशा अंगाच्या त्या मल्लाला जगाने ओळखले ते कुस्तीमुळे, वेशामुळे नव्हे. आमचा मल्लही त्याच्या चालीनेच ओळखला जावा. कोणी कळ दाबली, तीन झपाझप ठोसे आणि एक ठाम सम पाहिली की त्याने विचारावे, ही कुठली विद्या? मग नाव आपोआप सांगता येते.

मत झाले तीन विरुद्ध एक. पात्राचे नाव ‘मल्ल’च राहिले. विरोधात मत दिलेल्या मित्राने एक अट घातली आणि ती सर्वांना पटली: खेळाच्या पहिल्या दहा मिनिटांत मल्ल म्हणजे काय हे एकही वाक्य न लिहिता खेळणाऱ्याला कळले पाहिजे. सध्या मी त्या दहा मिनिटांवर काम करतो आहे. त्यात एक अंगण आहे, तेल चोपडलेला एक खांब आहे आणि समोर कोणीही शत्रू नाही.

खेळ चालेल की नाही, हे लोक ठरवतील. पण या हिशेबातून हाती आलेली एक गोष्ट घराघरातल्या त्या दोन पक्षांना सांगण्याजोगी वाटते. तुमचा मुलगा किंवा मुलगी पडद्यावर वाऱ्याच्या वेगाने लढत असेल, तर ‘किती वेळ खेळतोस’ हा प्रश्न विचाराच. तो रास्तच आहे. पण कधीतरी शेजारी बसून हेही विचारा, की यात थांबायचे कुठे असते? ज्याला त्याचे उत्तर देता येईल, त्याला चपळाई समजली. आणि ज्याला समजली, त्याला जेवायची हाक ऐकूही येण्याची थोडी शक्यता आहे.